नंदगडची पाटी आणि अकरावा रकाना

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कन्नड समजतं हो, बोलतोही चांगलं. वाचता तेवढं येत नाही." सांगणारा माणूस भाजी मंडईत कन्नडमध्ये घासाघीस करतो, शेजारच्या अज्जींशी कन्नडमध्ये तासभर गप्पा मारतो, लग्नाच्या याद्या करताना दोन भाषांची सरमिसळ करून सगळ्यांना हसवतो. पण विजेचं बिल हातात आलं की आधी इंग्रजी कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधतो. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे आणि त्यावर लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत. मला इथे बोलायचंय ते घरातल्या एका साध्या अडचणीबद्दल, आणि तिच्या निमित्ताने एखादी गोष्ट मनात धरून ती तडीस कशी न्यावी याबद्दल.

दर पाडव्याला किंवा एक जानेवारीला आपल्याकडे कुणीतरी ठरवतं, यंदा कन्नड वाचायला शिकायचंच. मग 'तीस दिवसांत' शिकवणाऱ्या पुस्तकांपैकी एक घरात येतं. मला एक वाईट खोड आहे. कुणाकडे गेले की मी कपाटातली पुस्तकं चाळते. अशा पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा सापडतात आणि त्या साधारण बारा-चौदाव्या पानावर थांबतात. स्वर संपलेले असतात, व्यंजनं सुरू झालेली असतात आणि 'ङ' आणि 'ञ' या अक्षरांपाशी माणूस दमलेला असतो. दमणारच. ही दोन अक्षरं सुटी अशी वाचायची वेळ आयुष्यात किती वेळा येणार?

अशा वेळी लोक म्हणतात, चिकाटी नाही. मला ते पटत नाही. हीच माणसं पोरांच्या परीक्षा, आईचं आजारपण, घराचं कर्ज यांत वर्षानुवर्षं चिकाटीनं उभी असतात. खोट निश्चयात असते. 'कन्नड शिकायचं' ही इच्छा झाली. ते झालं असं नेमकं कधी म्हणायचं? माझं माहेर धारवाडचं. घरात मराठी बोलून कन्नडचे थोर कवी झालेल्या द. रा. बेंद्रे यांच्या गावची मी. दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकले, नंतर मराठीत एम. ए. केलं. इतकं असूनही कन्नड 'येऊन संपलं' असं म्हणायची माझी छाती नाही. जी गोष्ट कधी पुरी झाली ते कळतच नाही, ती रोज अपुरीच वाटते, आणि रोज अपुरं वाटलं की माणूस पुस्तक मिटतो.

आमच्या कॉलेजात प्रशिक्षणाला पाहुणे येतात, तेव्हा ते पडद्यावर 'स्मार्ट' हा शब्द दाखवतात. ध्येय नेमकं हवं, मोजता येणारं हवं, कुणाचं काम ते ठरलेलं हवं, आवाक्यातलं हवं, मुदतीचं हवं. ही पाच अक्षरांची युक्ती जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक मासिकात मांडली, कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी. युक्ती चुकीची नाही. पण अधिकाऱ्याला कुकरची शिट्टी मोजावी लागत नाही. घरातल्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हे मी कुठे उभं राहून करणार?

हा प्रश्न किती कामाचा आहे ते मी आमच्या थोरल्या जाऊबाईंकडून शिकले. घरात लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे लग्न, शेती, सासूचं दुखणंखुपणं. आमचे थोरले दीर २०१९ मध्ये गेले. वारसा लावणं, खातं नावावर करणं या सगळ्याला दुसरं कुणीतरी बरोबर लागायचं, कारण कागद सगळे कन्नडमध्ये. कागद वाचून दाखवणारे भले लोकही होते आणि "सगळं बरोबर आहे, अक्का, काळजी करू नका" म्हणून घडी घालून परत देणारेही होते. यातलं 'सगळं' म्हणजे काय ते त्यांना कधी कळलं नाही.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली, बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. अक्का एकट्या बाजाराला, नातेवाइकांकडे जाऊ लागल्या. आणि पंचाईत अशी, की स्टँडवर उभ्या असलेल्या पाच बसपैकी आपली कुठली ते दर वेळी कुणाला तरी विचारायचं. पुढच्या पाडव्याला, म्हणजे २०२४ च्या एप्रिलात, आम्ही सगळे गावी जमलो होतो. जेवणं झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, मला कन्नड शिकीव की."

मी विचारलं, "शिकून पयलं काय वाचणार, अक्का?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. आत गेल्या, ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला शेताचा उतारा आणला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो. दुसऱ्यानं वाचून सांगिटलेला नको. माझा मी."

इतकं नेमकं ध्येय माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

उतारा, म्हणजे ज्याला इकडे पहाणीही म्हणतात, तो कर्नाटकात कॉम्प्युटरवरून छापून मिळतो. त्याचे रकाने ठरलेले असतात. पहिल्यात सर्व्हे नंबर, दुसऱ्यात हिस्सा, मग क्षेत्र, शेतसारा, मातीची जात. नवव्यात मालकाचं नाव, दहाव्यात जमीन कशी मिळाली ते, अकराव्यात हक्क आणि कर्जाचे बोजे. त्या दुपारी आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन त्या कागदावरचं अक्कांना वाचायची गरज नाही असं सगळं आधी खोडलं. आकडे इंग्रजी होते, ते त्यांना येतच होते. छापील कायदेशीर मजकूर खोडला. उरले वीसेक शब्द. त्यांतही गंमत अशी, की 'हिस्सा', 'गुंटे', 'खराब', 'तालूकु' हे शब्द ऐकले की आपलेच. 'हक्कुगळु' आणि 'ऋणगळु' यांतला अनेकवचनाचा 'गळु' बाजूला केला की हक्क आणि ऋण उरतं. 'स्वाधीनदार' म्हणजे ज्याच्या स्वाधीन जमीन तो. राहिले 'हेसरु', 'बेळे', 'मण्णु', 'ओट्टु', 'साल' असे शब्द. नाव, पीक, माती, एकूण आणि कर्ज. हे तर अक्का रोजच्या बोलण्यात वापरत होत्या. म्हणजे भाषा होती, फक्त अक्षरांची ओळख व्हायची होती.

एवढं कळल्यावर डोंगर निम्मा झाला. आणखी एक गोष्ट आम्ही काढून टाकली. लिहायचं नाही, फक्त ओळखायचं. पाटीवर अक्षरं गिरवायला लागलं की हात दुखतो, अक्षर वाकडं येतं आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला आपण पहिलीत बसलोय असं वाटू लागतं. उतारा वाचायला लिहिता येणं लागत नाही.

काय गाळायचं हे ठरवणं आळशीपणाचं लक्षण आहे असं आपल्याला शाळेनं शिकवलंय. याला एक मोठं उत्तर आपल्या बेळगावच्याच लेकीनं दिलं आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा, कारंत यांच्यासारख्या कन्नड लेखकांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवत. लिपीसाठी त्या अडून बसल्या नाहीत. त्यांचं काम कानानं होत होतं. अक्कांचं काम डोळ्यांनी व्हायचं होतं. दोघींनाही 'संपूर्ण कन्नड' शिकायला बसवलं असतं, तर आपण काही कादंबऱ्यांना मुकलो असतो आणि अक्का एका उताऱ्याला.

आता पायऱ्या. अक्षरमालेत ४९ अक्षरं. १३ स्वर, २ योगवाह आणि ३४ व्यंजनं. क्रम आपल्यासारखाच, क-ख-ग-घ. पण त्या क्रमानं जायचं नाही असं ठरलं. अक्का आठवड्यातून एकदा तरी खानापूरच्या स्टँडवर उभ्या राहतात, तिथे बस येईपर्यंत अर्धा तास सहज जातो. म्हणून वर्ग तिथेच. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसच्या पाट्या, हे पुस्तक.

पहिली पाटी नंदगडची. तिच्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. न, द, ग, ड आणि एक अनुस्वार. कन्नडमध्ये अनुस्वार डोक्यावर न बसता अक्षराच्या पुढे, शून्यासारखा गोल, ओळीत बसतो. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच. कुणाला न विचारता नंदगडची बस ओळखायची. बसायचं नाही, नुसती ओळखायची.

दुसरी पाटी खानापूर. न ओळखीचा झालेला, नवे ख, प, र, शिवाय काना आणि उकार. मग धारवाड, त्यात ध आणि व नवे. इथे एक छान गोष्ट सापडते. कन्नडमध्ये 'द'ला खाली छोटी उभी रेघ दिली की 'ध' होतो. 'ड'चा 'ढ' आणि 'प'चा 'फ' तसाच. म्हणजे एकाच्या कष्टात दोन पदरात पडतात. उलट व, प आणि म या तिन्ही अगदी सख्ख्या बहिणी, नीट न पाहता हाक मारली तर दुसरीच वळून बघते. त्यांच्यासाठी आम्ही दोन आठवडे घालवले. पुढे लोंढा, म्हणजे कन्नड पाटीवरचं 'लोंडा', त्यातला ल. मग बेळगावी, त्यातले ब आणि ळ. आणि तिथेच पहिल्यांदा ऱ्हस्व एकार भेटला.

मराठीत 'ए' एकच. कन्नडमध्ये दोन, एक आखूड आणि एक लांब. 'ओ'चंही तसंच. कागदावर समजावताना हे फार किचकट वाटतं, पण आपल्या माणसांच्या जिभेला हा फरक आधीच ठाऊक असतो. 'कोडु' आखूड म्हटलं तर 'दे', लांबवलं तर 'शिंग'. अक्का आयुष्यभर हे बरोबर बोलत आल्या होत्या. "असं व्हय," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पुस्तकात या मुद्द्याला दोन पानं असतात.

जोडाक्षरं मुद्दाम शेवटी ठेवली. आपण पहिलं अक्षर अर्धं करतो. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं लहान होऊन त्याच्या पायाशी जातं. हळियाळ सोपं, त्यात ह आणि य मिळाले. कित्तूर आलं तेव्हा क आणि त मिळाले आणि 'त्त'ही कळला. हुब्बळ्ळी ही शेवटची पाटी, एका शब्दात दोन जोडाक्षरं. ती वाचता आली त्या दिवशी अक्कांनी स्टँडवरूनच मला फोन केला. मागे कंडक्टरची शिट्टी ऐकू येत होती.

हिशेब करून बघा. आठ पाट्या, आणि त्यांत मिळून १६ वेगवेगळी व्यंजनं. ३४ पैकी जवळजवळ निम्मी. उताऱ्यावरच्या 'हेसरु', 'जिल्ले', 'मण्णु', 'ओट्टु' या शब्दांनी आणखी पाच दिली, स, ज, म, ण, ट. झाली २१. उरलेल्या १३ अक्षरांना आम्ही हातच लावला नाही.

पायरी कशी असावी याबद्दल माझं मत यातून पक्कं झालंय. ती शनिवारी तपासता आली पाहिजे, 'आली' किंवा 'नाही आली', तिसरं उत्तर नको. 'थोडा अभ्यास झाला' हे उत्तर मी वर्गातही ऐकून घेत नाही. आणि ती आपल्या नेहमीच्या वाटेवर पडलेली असावी. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं होतं. 'मी करीन' एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक वेळी अमुक ठिकाणी असलो की अमुक करीन' असं बांधून ठरवणाऱ्यांचं काम जास्त वेळा तडीस जातं, हा त्यांचा मुद्दा. 'रोज वेळ काढीन' म्हणणाऱ्याचा वेळ कधी निघत नाही. 'स्टँडवर पोचले की पाट्या बघीन' याला वेळ काढावा लागत नाही. विनोबांनी चाळीसच्या दशकात वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषांचा अभ्यास केला. थोर खरंच, पण तुरुंगात त्यांना भेंडी चिरायची नव्हती.

सगळ्यांच्या पायऱ्या सारख्या मात्र नसतात. आमच्या ओळखीच्या एका घरात बैलहोंगलकडची सून आली. माहेरी शुद्ध कन्नड. हौस अशी, की आजेसासूबाईंची पाककृतींची वही वाचायची. सासूबाईंनी उत्साहानं तिच्यासाठी मराठी अंकलिपी आणली. पण मुलीला शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येतच होती! तिची अडचण वेगळी होती. वहीतलं लिखाण जुन्या वळणाचं, शाई फिकी, आणि मापं 'मापटं', 'चिपटं'. शब्द वाचता आला तरी पीठ किती घ्यायचं ते कसं कळणार? मापटं म्हणजे अर्धा शेर आणि चिपटं म्हणजे त्याच्याही निम्मं, हे सासूबाईंनी भांडी पुढ्यात ठेवून दाखवलं तेव्हा कडबोळी झाली. अंकलिपी अजून कोरी आहे. काम कुठे अडलंय ते न बघता पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करणं हा आपला आवडता छंद आहे.

माझ्या विद्यार्थ्यांचं उलटं होतं. सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात आणि सक्तीच्या कन्नडच्या पेपरला घाबरतात. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पदाचं नाव लिहिलेलं असतं, साहेबी थाटाचं. मी सांगते, ते पान फाडू नका, पण त्याखाली या आठवड्याचं लिहा. एक जुनी प्रश्नपत्रिका, त्यातला फक्त उताऱ्यावरचा प्रश्न. काही लिहितात, काही नाही.

आता अक्कांकडे परत. जूनपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पाऊस लागला, रोप लावणी सुरू झाली आणि पाट्या बंद पडल्या. खानापूरच्या पावसात चिखलात उभं राहून दिवसभर वाकलेल्या बाईला संध्याकाळी अक्षरं ओळख म्हणायचं, हे मला जमणारं नव्हतं आणि त्यांनाही नको होतं. पण एक करार झाला. बाजाराला जाल त्या दिवशी कुठलीही एक पाटी, ओळखीचीच, वाचायची. नवीन काही नाही. जुलै-ऑगस्ट असेच गेले. गणपतीनंतर बसलो तेव्हा २१ पैकी चार अक्षरं पुसली गेली होती. चारच. एका आठवड्यात ती परत आली.

मराठीत आपण 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो. कन्नडमध्ये 'हनि हनि गूडिदरे हळ्ळ, तेने तेने गूडिदरे बळ्ळ' म्हणतात. थेंब थेंब जमला की ओढा, कणीस कणीस जमलं की धान्याचं माप भरतं. मला कन्नड म्हण जास्त आवडते, तळं साचून राहतं आणि ओढा कुठेतरी जातो. अक्कांना कणसाचा भाग आवडला. त्यांना सुगीच्या आधी काम उरकायचं होतं, म्हणजे भात कापणीला लागण्यापूर्वी.

दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी नाडकचेरीतून ताजा उतारा काढून ठेवला होता. चष्मा लावला, खिडकीशी बसल्या. मी काही बोलायचं नाही असं आधीच बजावलं होतं. जिल्हा, तालुका, गाव. सर्व्हे नंबर. 'सर्वे'तला रफार अक्षराच्या डोक्यावर नसून पुढे येऊन बसतो, तिथे जरा थबकल्या आणि सुटल्या. हिस्सा. क्षेत्र, एकर आणि गुंठे. नवव्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलले नाहीत.

मग अकरावा रकाना. तिथे काही नसेल असं आम्ही दोघी धरून होतो. पण होतं. अक्कांनी एकेक अक्षर लावलं. एक अनोळखी अक्षर, मग 'पत्तिन', मग 'सहकारि', मग 'सं' आणि पुन्हा एक अनोळखी. 'कृषि'तलं कृ आणि ष, 'संघ'मधला घ, ही आमच्या यादीत नव्हतीच. पण 'सहकारि सं' इथवर आल्यावर पुढे 'घ'शिवाय काय असणार? पुढे 'साल' आणि एक आकडा. आकडा बघून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे तर ह्यांनी फेडलंय. सोळा साली. पावती हाय घरात."

पावती होती. त्याच ट्रंकेत, त्याच पिशवीखाली. कर्ज फिटलं होतं, पण बोजा कागदावरून उतरवायचा राहून गेला होता आणि पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो उतारा हातात घेतला, त्यांनी 'सगळं बरोबर आहे' म्हटलं होतं. उद्या नातवाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं म्हटलं असतं, जमिनीची वाटणी करायची म्हटली असती, तर तो आकडा आडवा आला असता आणि तोवर पावती उंदरांनी ठेवली असती की नाही कोण जाणे.

पुढचं काम माझ्या दृष्टीने सोपं होतं, अक्कांच्या दृष्टीने नवं. तेही आम्ही तसंच फोडलं. पहिल्यांदा पावतीच्या दोन झेरॉक्स. मग सोसायटीत जाऊन बाकी नसल्याचा दाखला मागायचा, त्या दिवशी फक्त मागायचा, मिळालाच पाहिजे असं नाही. मग मिळेपर्यंत बाजाराच्या दिवशी एक फेरी. मग बोजा कमी करण्याचा अर्ज. अर्ज मी कन्नडमध्ये लिहून दिला, पण देण्याआधी त्यांनी तो वाचला आणि गट क्रमांकाचा आकडा उताऱ्याशी ताडून पाहिला. तिसऱ्या फेरीत दाखला मिळाला. त्या खिडकीशी माझी गरज पडली नाही. नंतर कळलं, की आतल्या माणसाने "कुठं आहे बोजा, अक्का?" विचारल्यावर त्यांनी कागद फिरवून त्याच्यापुढे धरला आणि बोट ठेवलं.

यानंतरच्या उताऱ्यात अकरावा रकाना रिकामा आला. तो कागद आता ट्रंकेत नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर आता नवी यादी आहे, सोडून दिलेल्या १३ अक्षरांची. त्यातलं 'च' पहिल्यांदा घेतलंय, कारण दुकानाच्या पाटीवर 'चहा' आहे. भ आणि थ पुढच्या महिन्यात. ङ आणि ञ यांच्यापुढे काट मारलेली दिसते. नातू मराठी शाळेत दुसरीत आहे, त्याला कन्नडचं पुस्तक आहेच. आजीची शनिवारची परीक्षा हल्ली तोच घेतो. मला परवा फोनवर म्हणाला, "काकी, आजी 'प'ला 'व' म्हणते अजून. मी लाटणं घेऊन बसलोय."